आयएल-सिक्सचा रिपोर्ट आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सीआरपीवर, म्हणजे शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की रक्तात वाढणाऱ्या प्रोटीनवर, लिहिताना एका ओळीत आयएल-सिक्सचं, म्हणजे इंटरल्यूकिन-६ या दुसऱ्या प्रोटीनचं, नाव येऊन गेलं, आणि त्या एका ओळीवरच इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. बरीचशी पत्रं २०२१ ची कोरोनाची दुसरी लाट आठवून लिहिलेली आहेत, घरात अजून ती फाईल जपून ठेवलेली आहे आणि त्यातल्या एका आकड्याचा अर्थ कुणी नीट सांगितलेला नाही. मी बरीच वर्षं इम्युनोअसेच्या, म्हणजे अँटीबॉडी वापरून मोजण्याच्या तपासणीच्या, टेबलावर काम केलंय, त्यामुळे मोजमापाबद्दल मोकळेपणाने सांगतो, पण औषध कुठलं घ्यायचं, बंद करायचं का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

प्रश्न (शिक्षक, बीड): वडिलांच्या रिपोर्टवर 'इंटरल्यूकिन-६ : ५.२ पीजी/एमएल, नॉर्मल ७ च्या खाली' असं आहे. हे पीजी म्हणजे नक्की किती? आणि एवढीशी गोष्ट मोजतात तरी कशी? आठवीच्या पोरांना सांगता येईल असं सांगा.

सर, पीजी म्हणजे पिकोग्रॅम, एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक. असं सांगून पोरांच्या डोळ्यापुढे काहीच येणार नाही, म्हणून तुमच्याकडे उन्हाळ्यात येतो तो पाण्याचा टँकर घ्या, दहा हजार लिटरचा. त्यात बारीक मिठाचा एक कण टाकला, एकच, आणि पूर्ण विरघळू दिला, तर त्या पाण्यात मीठ जेवढं असेल साधारण तेवढंच तुमच्या वडिलांच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, आयएल-सिक्स आहे. आणि त्या टँकरमध्ये इतर हजारो प्रकारची प्रोटीन्स ढिगाने तरंगताहेत, त्यातून हा एक कण ओळखायचाय.

हे प्रोटीन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. कुठे जंतू शिरला, जखम झाली की पांढऱ्या पेशी आणि आजूबाजूच्या इतर पेशीही ते सोडतात, ते लिव्हरपर्यंत पोचतं आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं, ताप चढतो, बी पेशी अँटीबॉडी बनवायच्या कामाला लागतात. १९८६ साली जपानमध्ये ओसाकाला किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटाने याचा जीन शोधला तेव्हा बी पेशींना चालना देणारं म्हणून त्याचं नाव वेगळंच होतं, लिव्हरवर काम करणाऱ्यांनी त्यालाच आणखी एक नाव दिलेलं, इंटरफेरॉनवाल्यांनी तिसरं, आणि नंतर लक्षात आलं की सगळे एकाच प्रोटीनबद्दल बोलताहेत. मला ही गोष्ट फार आवडते, कारण एक निरोप किती दारांवर जातो ते यातून कळतं.

आता मोजायचं कसं, तर पोरांना वडापाव सांगा. प्लॅस्टिकची ९६ खळग्यांची प्लेट असते, खळग्याला आम्ही वेल म्हणतो, तळाला एक अँटीबॉडी आधीच चिकटवलेली असते, तिला आयएल-सिक्सचा एकच कोपरा ओळखता येतो. हा खालचा पाव. त्यात सिरम घातलं की आयएल-सिक्स तिथे अडकतं, हा वडा, बाकी सगळं धुऊन टाकायचं. मग दुसरी अँटीबॉडी घालायची जी त्याच आयएल-सिक्सचा दुसरा कोपरा पकडते, हा वरचा पाव, आणि या वरच्या पावाला एक एन्झाइम जोडलेलं असतं. परत धुवायचं. मग टीएमबी नावाचं बिनरंगी पाणी घातलं की ते एन्झाइम त्याला निळं करतं, आणि एन्झाइमचा एकेक रेणू हजारो रेणू निळे करत सुटतो म्हणून एवढासा कण डोळ्याला दिसण्याइतका मोठा होतो. शेवटी आम्ल घातलं की निळ्याचं पिवळं होतं आणि तो पिवळेपणा मशीन ४५० नॅनोमीटरवर वाचतं. शेजारच्या वेलमध्ये मुद्दाम माहीत असलेलं प्रमाण घातलेलं असतं, त्याला स्टँडर्ड म्हणतात, त्या पिवळ्याशी ताडून आकडा निघतो. ही एलायझा. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनी आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये दुसऱ्या एका गटाने स्वतंत्रपणे एन्झाइमची ही युक्ती मांडली. त्याआधी हेच काम किरणोत्सारी आयोडीन लावून व्हायचं, ती पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची, यालोबाईंना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर गेले होते.

हॉस्पिटलातल्या मोठ्या मशीनवर रंगाऐवजी प्रकाश मोजतात आणि अर्ध्या तासाच्या आत उत्तर येतं, पण आत वडापाव तोच.

प्रश्न (गृहिणी, नाशिक): एप्रिल २०२१ मध्ये मिस्टर आयसीयूत होते. आयएल-सिक्स ८६ आलं म्हणून डॉक्टरांनी टोसिलिझुमॅब द्यायचं ठरवलं, मी सही केली. दोन दिवसांनी परत तपासलं तर ४१२! सीआरपी मात्र १४० वरून ३८ वर आला होता. ते बरे होऊन घरी आले, पण दिरांचं आजही म्हणणं आहे की इंजेक्शन डुप्लिकेट होतं नाहीतर त्यानेच आजार वाढवला. मला अजून रात्री झोप लागत नाही, मी सही करायला नको होती का?

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि पहिल्यांदा हेच सांगतो की हे इंजेक्शन दिल्यावर रक्तातलं आयएल-सिक्स वाढलेलं दिसणं हे अपेक्षितच असतं, ते त्या औषधाच्या कामाच्या पद्धतीतूनच येतं. हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं, पण त्या दिवसांत वॉर्डात दोन मिनिटं कुणाकडेच नव्हती हेही खरं.

कसं ते सांगतो. आयएल-सिक्स पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन बसतं, म्हणजे कुलपात किल्ली, आणि मग पेशी ते कुलूपकिल्ली दोन्ही आत ओढून घेते आणि त्याचा निकाल लावते. रक्तातून आयएल-सिक्स कमी व्हायचा हा मोठा रस्ता आहे. टोसिलिझुमॅब किल्लीला हात लावत नाही, ते कुलपातच जाऊन बसतं. मग किल्ल्या बाहेर नुसत्या साठत जातात, त्यांना कुठे बसायला जागाच उरत नाही. लॅबमधली टेस्ट किल्ल्या मोजते, कुलूप उघडलं का ते तिला कळत नाही. म्हणून आकडा ८६ चा ४१२ झाला आणि तरी आतलं काम थांबलेलं असू शकतं.

थांबलं होतं का हे बघायचं तर लिव्हरकडे बघायचं, कारण लिव्हर आयएल-सिक्सचा निरोप मिळाल्याशिवाय सीआरपी एवढा बनवत नाही. तुमच्याच पत्रात लिहिलंय, १४० चा ३८. आजार वाढून आयएल-सिक्स चढलं असतं तर सीआरपी पण मागोमाग चढला असता. आता स्टेरॉइडनेही सीआरपी उतरतो, ते त्यांना चालू असणारच, पण नुसतं स्टेरॉइड असतं तर आयएल-सिक्ससुद्धा खाली यायला हवं होतं. एक वर आणि एक खाली, ही जोडी रिसेप्टर अडवल्याची खूण आहे. बाटली मी बघितलेली नाही म्हणून शपथेवर सांगता येणार नाही, पण हे दोन आकडे डुप्लिकेट इंजेक्शनचे वाटत नाहीत, उलट औषध जागेवर पोचलं होतं असंच ते सांगतात. दिरांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आणि सहीचं. ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी चाचणी झाली, त्यात कोरोनाच्या ४११६ पेशंटमध्ये हे औषध तपासलं, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर २८ दिवसांत १०० पैकी ३५ दगावले, हे इंजेक्शनही ज्यांना मिळायचं ठरलं होतं त्यांच्यात ३१. शंभरात चार जीव. फरक थोडा वाटेल पण आयसीयूच्या दारात उभं असताना तो थोडा नसतो. अजून एक गोष्ट, त्या चाचणीत पेशंट निवडताना आयएल-सिक्स बघितलंच नव्हतं, ऑक्सिजन कमी पडतोय आणि सीआरपी ७५ किंवा त्याच्यावर आहे एवढंच बघितलं होतं. आपल्याकडे त्या वेळी आयएल-सिक्सच्या रिपोर्टसाठी नातेवाईक एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये पळत होते, हे आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण इंजेक्शन दिल्यानंतर तोच आकडा रोज रोज तपासून घरच्यांच्या हाती भीतीशिवाय काही लागत नव्हतं. तुम्ही सही केलीत ती बरोबर केलीत.

प्रश्न (पीएचडीची विद्यार्थिनी, नागपूर): सर, ४० पेशंट आणि ४० कंट्रोल (निरोगी माणसं), सगळे डुप्लिकेटमध्ये म्हणजे प्रत्येकाच्या दोन वेल, आयएल-सिक्स एलायझा. एका प्लेटवर पेशंट, दुसरीवर कंट्रोल. ब्लँकची (ज्यात आयएल-सिक्स घातलेलंच नाही त्या वेलची) ओडी, म्हणजे मशीनने वाचलेला रंगाचा गडदपणा, ०.३८ येतेय, कडेच्या वेल आतल्यांपेक्षा जास्त येताहेत, आणि अर्ध्याहून जास्त कंट्रोल सगळ्यात खालच्या स्टँडर्डच्या पण खाली आहेत, एक्सेल मायनस आकडे देतंय. गाईड म्हणतात शून्य धर आणि पुढे जा. किट संपत आलंय आणि पैसे पण.

अगं, सगळ्यात आधी ते वाक्य परत वाच जे तू सहज लिहून गेलीस, एका प्लेटवर पेशंट आणि दुसरीवर कंट्रोल. हिशोब मला कळतोय, सात स्टँडर्ड आणि ब्लँक दोनदोनदा म्हणजे १६ वेल, उरल्या ८०, त्यात ४० जण चपखल बसतात, कागदावर फार छान दिसतं. पण आता दोन गटांत जो फरक येईल तो आजाराचा की प्लेटचा हे देवालाही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पाणी वेगळं, हात वेगळा, टीएमबी पाच मिनिटं जास्त राहिलं, सगळा फरक गटांच्या नावावर जमा होणार. दोन्ही प्लेटवर निम्मे पेशंट निम्मे कंट्रोल, चिठ्ठ्या टाकून विखुरलेले, आणि एक कॉमन सिरम दोन्ही प्लेटवर ठेव, त्यासाठी प्लेटमागे एकदोन सॅम्पल कमी झाले तरी चालतील. परत करायला जीवावर येईल मला माहितीये, पण व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येईल आणि यायलाच पाहिजे.

ब्लँक ०.३८ म्हणजे धुणं कमी पडतंय. ब्लँक ०.१ च्या आसपास किंवा खाली पाहिजे. वॉश बफर वेलच्या काठापर्यंत भर, अर्धा मिनिट थांब, झटक्यात सिंकमध्ये उलटं कर, मग टिश्यूच्या जाड घडीवर प्लेट उपडी करून आपट, घाबरत घाबरत टेकवू नकोस, चांगली आपट, आवाज आला पाहिजे, आणि टिश्यूवर ओला ठिपका उमटायचा थांबेपर्यंत टिश्यूची जागा बदलत आपट. पण धुतल्यावर प्लेट कोरडी पडू द्यायची नाही, पुढचं रिएजंट हातात तयार असल्याशिवाय शेवटचं धुणं करायचंच नाही. आणि टीएमबी बाटलीतून घालायच्या आधी बघ, ते बिनरंगी आहे का, एन्झाइम लागलेलं पिपेटचं टोक चुकून त्यात बुडालं असेल तर ते बाटलीतच फिकट निळं झालेलं असतं. अजून एक, बफर टिकावा म्हणून कुणी सोडियम अझाइड घातलंय का विचार, ते या एन्झाइमला मारतं, तेव्हा उलटा त्रास होतो, कुठेच रंग येत नाही.

कडेच्या वेलचं कारण बहुतेक तापमान. फ्रिजमधून काढलेली प्लेट तशीच वापरली की कडा आधी गरम होतात आणि मधला भाग मागे राहतो. किटवर रूम टेम्परेचर लिहिलेलं असतं ते २० ते २५ डिग्रीचं, नागपूरच्या मे महिन्यातल्या रूमचं नव्हे. माझ्या हातून एकदा अशीच अख्खी प्लेट गेलीये, दुपारी एसी बंद पडला, मी म्हटलं एक तास तर राहिलाय, होऊन जाईल, आणि बाहेरची पूर्ण चौकट आतल्यापेक्षा गडद पिवळी, फोटोफ्रेमसारखी. तेव्हापासून प्लेट आणि सगळे रिएजंट आधी बाहेर काढून ठेवतो, प्लेटवर सीलर घट्ट, प्लेटवर प्लेट कधी ठेवत नाही. मल्टिचॅनल पिपेट असेल तर तीच वापर, आणि टीएमबी ज्या क्रमाने घातलंस त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने स्टॉप सोल्युशन घाल.

मायनस आकड्यांचं मात्र गाईडना नम्रपणे नाही सांग. निरोगी माणसाचं आयएल-सिक्स मुळातच दोनचार पिकोग्रॅम, काहींचं त्याहून कमी, आणि साध्या किटचा शेवटचा स्टँडर्ड त्याच्या वर असेल तर ते किट तुझ्या कंट्रोलसाठी नाहीच, हाय सेन्सिटिव्हिटी किट लागेल. शून्य धरलंस तर नसलेला फरक तूच तयार केलास. पैसे नसतील तर प्रबंधात स्पष्ट लिही की इतके कंट्रोल मोजण्याच्या मर्यादेखाली होते, आणि स्टॅटिस्टिक्सवाल्याला सांग की हे आकडे शून्य नाहीत, मर्यादेखालचे आहेत, त्यांच्याकडे त्याच्या पद्धती आहेत. लाज वाटायचं काही कारण नाही, मर्यादा लिहिलेला प्रबंध वाचताना मला तरी जास्त विश्वास वाटतो.

प्रश्न (निवृत्त कर्मचारी, वय ६१, कोल्हापूर): नऊ वर्षं आमवात, फक्त मेथोट्रेक्सेट चालू. सांधे सध्या बरे, ताप नाही, वजन कमी नाही. पॅकेजमध्ये आयएल-सिक्स ९४०! सीआरपी ४, आरए फॅक्टर ३८०. इंटरनेटवर वाचून घरात सगळ्यांनी कॅन्सर धरलाय.

काका, घाबरू नका, आधी हा आकडा खरा आहे का तेच तपासू. ९४० हे सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून, आयसीयूत पडलेल्या माणसाचं आयएल-सिक्स असतं, तुम्ही रंकाळ्यावर फिरायला जाताय. शिवाय वर नाशिकच्या ताईंना सांगितलं तसं, लिव्हरला एवढा निरोप मिळाला असता तर सीआरपी ४ वर बसला नसता. टोसिलिझुमॅबसारखं औषध असतं तर ही जोडी समजली असती पण ते तुम्ही घेत नाही.

माझा संशय तुमच्या आरए फॅक्टरवर आहे. आरए फॅक्टर ही स्वतःच एक अँटीबॉडी, आणि तिला दुसऱ्या अँटीबॉडीची शेपटी पकडायची खोड असते. ती वेलमध्ये गेली की एका हाताने खालचा पाव धरते, दुसऱ्या हाताने वरचा, आणि मधे वडा नसतानाही दोन पाव चिकटलेले राहतात. मशीनला फक्त वरच्या पावाचा उजेड दिसतो, त्याला वाटतं वडा आहे. किट बनवणारे हे होऊ नये म्हणून त्यात उंदराचं सिरम वगैरे घालतात, पण ३८० सारखा फॅक्टर असला की कधी कधी तेही पुरत नाही. आरए फॅक्टर नसलेल्या काही लोकांच्या रक्तातही अशा जोडणाऱ्या अँटीबॉडी असतात.

लॅबला जाऊन एवढंच म्हणा की हेच सॅम्पल डायल्यूट करून परत लावा. खरं आयएल-सिक्स असेल तर दुप्पट पातळ केल्यावर ४७० च्या आसपास, चौपट केल्यावर २३५ च्या आसपास यायला पाहिजे. तसं न येता एकदम ३००, मग ६० असं कोसळलं किंवा हललंच नाही तर तो आकडा आयएल-सिक्सचा नाही. दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर लावून बघणं हा दुसरा उपाय. आणि तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा. खरं सांगायचं तर ठणठणीत माणसाच्या पॅकेजमध्ये ही टेस्ट घालायचं मला काही कारणच दिसत नाही.

प्रश्न (आयटीवाला, ठाणे): हाफ मॅरेथॉन धावलो, त्याच दुपारी ऑफिसच्या कॅम्पमध्ये रक्त दिलं, आयएल-सिक्स २८. बायकोचं १.५ पेक्षा कमी, ती केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिन घेते. काही संबंध?

दोन्हीकडे आहे. धावताना स्नायू स्वतः आयएल-सिक्स सोडतात, कोपनहेगनच्या बेंते पेडरसन यांच्या गटाने हे खूप खोलात तपासलंय, पूर्ण मॅरेथॉननंतर ते शंभरपटीपर्यंत चढल्याचं दिसलंय आणि काही तासांत उतरतं. दोनतीन दिवस विश्रांती घ्या, मग द्या रक्त. वहिनींचं कमी येणं बहुधा खरंच असेल, पण बऱ्याच किटमध्ये अँटीबॉडी जागेवर धरायला बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन अशी जोडी वापरतात, रक्तात गोळीचं बायोटिन भरपूर असेल तर तेच जागा अडवतं आणि आकडा खोटा कमी येतो. आयएल-सिक्सचं एक वेळ सोडा, हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन टेस्टलाही हेच होतं, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये इशारा दिला तेव्हा अशा एका मृत्यूचा उल्लेख त्यात होता. त्यांना म्हणावं कुठलंही रक्त द्यायच्या आधी ही गोळी सांगायची, किती वेळ आधी थांबवायची ते लॅबला विचारायचं.

प्रश्न (डीएमएलटीचा विद्यार्थी, लातूर): आयएल-सिक्सला लाल ट्यूब, पिवळी की जांभळी? आणि आमच्याकडे सकाळची सॅम्पल संध्याकाळी गाडीने पुढे जातात, चालतं का? दोन लॅबचे आकडे वेगळे का येतात?

किटच्या कागदावर लिहिलेली ट्यूब, आणि एकाच पेशंटला दर वेळी तीच. सिरम पाहिजे तर लाल किंवा जेलवाली पिवळी, गुठळी व्हायला अर्धा तास दे, घाई केलीस तर सिरममध्ये धागे राहतात आणि पिपेट अडकते, मग सेंट्रिफ्यूज. जांभळीत ईडीटीए, ते रक्त गोठू देत नाही, म्हणून तिथे सिरमऐवजी प्लाझ्मा मिळतो.

लॅबनुसार आकडे वेगळे येतात कारण प्रत्येक किटच्या अँटीबॉडी वेगळ्या. मापाची मूळ वस्तू जगाला एकच दिलीये, जागतिक आरोग्य संघटनेचं स्टँडर्ड, त्यातलं पहिलं क्रमांक ८९/५४८, त्यात एक मायक्रोग्रॅमला एक लाख युनिट धरले होते, तरीपण खऱ्या सिरममध्ये फरक पडतोच. म्हणून आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट एकाच लॅबमधून घ्यायला सांगायचं.

आणि सकाळचं रक्त संध्याकाळपर्यंत तसंच ठेवणं अजिबात चालत नाही. ट्यूबमधल्या पांढऱ्या पेशी जिवंत असतात, त्या तिथे बसून नवं आयएल-सिक्स सोडू शकतात, मग तू पेशंटचं मोजत नाहीस, ट्यूबचं मोजतोस. गाडी संध्याकाळी येणार असेल तर सकाळीच सिरम वेगळं काढ, छोट्या छोट्या दोनतीन भागात, फ्रीझरमध्ये, म्हणजे परत लावायची वेळ आली तर पुन्हा पुन्हा वितळवायला नको. आणि ट्यूबवर दोन्ही वेळा लिही, रक्त घेतल्याची आणि सिरम काढल्याची.